चौथ्या टेबलावरचा आक्षेप

"दार लाव आधी. वास बाहेर जातो आणि मग साहेब आत येतात," मामा म्हणाला.

भाचीने दार लावलं. मेडिकल कॉलेजातल्या शरीररचनेच्या त्या लांबट खोलीत स्टीलची आठ टेबलं होती. प्रत्येक टेबलावर ओली चादर आणि चादरीखाली माणूस. औषधाच्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हे; रडण्यासारखं त्यात काही नाही, हे तर तिने लेखी सिद्धच केलं होतं.

ते लेखी तिच्या पिशवीत होतं. चौदा पानं, एकवीस तळटिपा, शंका शून्य. मेलेल्याचं नुकसान होऊ शकत नाही. ज्याचं नुकसान होत नाही त्याच्यावर अन्यायही होत नाही. तेव्हा बेवारस मृतदेह डॉक्टरकीच्या शिक्षणाला परस्पर वापरले, तर कुणाचंच काही बिघडत नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकबाईंनी हा निबंध दोनदा परत पाठवला होता. दुसऱ्या खेपेला समासात लिहिलं होतं, 'गोलंदाज तू, फलंदाज तू, पंचही तूच. समोरून एक तरी खरा आक्षेप आण.' आज पाचपर्यंत तो जोडला नाही, तर नापास. म्हणजे वर्ष गेलं.

सख्खा मामा एकतीस वर्षं याच खोलीत मदतनीस असताना आक्षेप शोधायला ग्रंथालयात कोण जाईल?

"बोला, वकीलबाई," मामाने हातमोज्यांची जोडी पुढे केली. घरात तिला सगळे हेच म्हणत. "काय हवंय?"

"आक्षेप."

"माझा एकच आहे. पोरं इथून उठतात आणि हात न धुता डबे उघडतात."

"मामा, चेष्टा नको ना. तुला कधी वाटलं का, की आपण यांच्यावर अन्याय करतोय?"

मामाने चौथ्या टेबलावरची चादर पायांकडून दुमडत आणली, तीही छातीपर्यंतच. कपडे वाळत घालताना त्याला निम्मे चिमटे सापडत नसत, मामी त्यावरून रोज बोलत असे. इथे मात्र त्याची बोटं घड्याळजीसारखी चालत होती. पाण्यात फडकं बुडवून तो त्या पायांचं एकेक बोट पुसू लागला.

"यांना काही कळतं का?" भाचीने वही उघडली.

"नाही."

"दुखतं?"

"छे गं. एकतीस वर्षांत एकाने हूं केलेलं नाही."

"मग तू एवढं सावकाश का करतोस?"

मामाने जरा विचार केला. "इथे धसमुसळेपणाची सवय लागली, तर हेच हात घरी घेऊन जायचे ना."

भाचीचा चेहरा पडला. "तो आक्षेप जुना आहे. सवय बिघडते ती जिवंत माणसाची, त्यात मेलेल्याचं काय गेलं? अकराव्या पानावर खोडलाय मी तो."

"खोडलास? मग झालं तर." मामाला हरल्याचं काडीचं दुःख नव्हतं. "जरा धर इकडे. खांद्याखाली ठोकळा सरकवायचाय. बाराला पोरं येतील."

त्याने चेहऱ्यावरची चादर बाजूला केली.

म्हातारी बाई होती. कानाच्या पाळीला दोन भोकं, त्यातलं एक बुजलेलं. अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. गुडघ्यावर टाक्यांची जुनी, बारीक ओळ. कुणीतरी दिवा जवळ ओढून, मन लावून घातलेले टाके. भाचीने वहीत काही लिहिलं नाही. निबंधात 'मृतदेह' हा शब्द तिने त्रेसष्ट वेळा वापरला होता. त्यांपैकी एकालाही गुडघा नव्हता.

"दहा महिने झाले शिकवतायत या," मामा म्हणाला. "बारा पोरं यांच्या हाताखाली आहेत. मागच्या आठवड्यात एक पोरगा परीक्षेत अडला. डोळे मिटून म्हणाला, चौथ्या टेबलावर डावीकडे होती ती शीर. पास झाला. उद्या तो कुणाच्या तरी पोटात हात घालेल, तेव्हा वाट याच दाखवणार."

"यांचं नाव काय?"

"आणलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं." मामाने एक हात खांद्यांखाली घातला, दुसऱ्यात ठोकळा घेतला. "डोकं धर. दोन्ही हातांनी. हं, उचल."

तिने उचललं. इतकं जड! माणसाचं डोकं इतकं जड असतं, हे एवढी वर्षं खांद्यावर एक वागवूनही तिला माहीत नव्हतं. तिच्या ओंजळीत एक सबंध आयुष्य होतं. त्यात कुणाला हाक मारली, कशाला हसली, कुणावर रुसली, यातलं काही आता कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि तरी ते वजन होतं, पुरेपूर, हातांना रग लावणारं. खिडकीतलं ऊन त्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. ती बघत राहिली.

"अगं, धर नीट!"

तिचा ओला हातमोजा सटकला. ठोकळा सरकायच्या आत डोकं बोटभर खाली गेलं आणि स्टीलवर टक्‌ आवाज झाला.

"अगं बाई!" भाची खाली वाकली. मोज्यातला तळवा तिने त्या केसांखाली घातला. "आजी, लागलं का हो?"

मामा हसला नाही. त्याने ठोकळा तसाच हातात धरला. ती वाकलेलीच राहिली. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उत्तर द्यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ दोघंही न हलता थांबले.