पाणकराचे फावडे

तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावावर फावडे चालवल्याबद्दल डोमाने पाच वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यावर त्याला कोणी कामाला लावेना. पाणी वाटणारा पाणकर नेमायच्या बैठकीत त्याच चुलतभावाने डोमाचेच नाव सुचवले. “पाळी मोडली तं काय होते, याच्याइतकं कोनाले मालूम?” लोक हसले, पण नाव पक्के झाले. चौथ्याच दिवशी चुलतभावाच्या पाळीत शेजारच्या धर्मेंद्रने पाट फोडून पाणी आपल्या धानाच्या बांधीत वळवले. डोमा फावडे घेऊन आला. “मार न बे!” धर्मेंद्र म्हणाला. “जेलातली डाळ आठवून राहिली तुले?” शेताच्या धुऱ्यावरून चुलतभाऊ फावड्याकडे पाहत राहिला. डोमाने ते त्याच्याच हाती दिले. “धर भाऊ, जरासा.” गुडघे टेकून त्याने ओंजळीने चिखल घालत भगदाड बुजवले. चुलतभावाने फावडे डाव्या हातात धरले होते. उजव्या हाताची मूठ त्या घावापासून वळत नव्हती.