बिनकोलमाचं दार

दारात कोलम नव्हतं.

रिक्षातून उतरता उतरता अर्चना थबकली. वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत सगळ्या फाटकांपुढे पिठाच्या रांगोळीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. फक्त कनका मामींच्या जुन्या कौलारू घरापुढची जमीन मोकळी होती.

अर्चना मूळची साताऱ्याची, जुन्या इमारती जपणारी आर्किटेक्ट. मामी तिच्या नात्यातल्या नव्हत्या; इकडे वयस्क बाईंना मामीच म्हणतात. चेन्नईत आल्यावर घरमालकिणीने तिला सांगितलं होतं, घरात कुणी गेलं की दारात कोलम घालत नाहीत.

सुधींद्र आला असणार.

सुधींद्र म्हणजे मामींच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या. निम्मं घर त्याचं. त्याला ते पाडून बिल्डरला द्यायचं होतं आणि मामी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, हटून बसल्या होत्या. अर्चनाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण मामी आपल्या तंजावरी मराठीत सगळं सांगायच्या. "काल परत फोन आला होता. अमावास्येच्या आत येतो, तुला संपवतो म्हणाला." आणि हे इतक्या शांतपणे, की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा.

पोलिसांत जाऊ म्हटलं की त्यांचं एकच उत्तर. "नको, कण्णा. घरचें भांडण. तू तो आदेश लवकर आण, तेवढें पुरे."

म्हणून तर अर्चना शहराच्या वारसा-वास्तू समितीच्या हात धुऊन मागे लागली होती. घराला संरक्षण देणारा आदेश आज तिच्या पिशवीत होता, आणि आजच हे.

दार नुसतं लोटलेलं होतं.

"मामी?"

स्वयंपाकघरात गॅसवर भात रटरटत होता, जवळ कुणी नव्हतं. मागचं दार सताड उघडं. अर्चनाने हाताला लागली ती पळी उचलली. भीतीने तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

अंगणात तुळशीच्या कट्ट्यापाशी मामी बसल्या होत्या. केस ओले, पुढ्यात केळीचं पान. चांगल्या धडधाकट.

अर्चना मटकन खाली बसली. "मामी, जीव गेला असता माझा! कोलम का नाही घातलंत?"

"ऐयो, पळी घेऊन कुणाला मारायला आलीस गे?" मामी हसल्या. "आज श्राद्ध आहे. श्राद्धाच्या दिवशीही नाही घालत. तेवढें तुझ्या मालकिणीने नाही सांगितलें?"

डोळे पुसत अर्चनाही हसली. तिचं लक्ष कट्ट्याकडे गेलं. आजही तो तिला खुपला. सगळं घर चुन्याचं आणि बुजवलेल्या विहिरीवरचा हा कट्टा तेवढा कोऱ्या सिमेंटचा. तो काढून विहीर मोकळी करू, असं तिने सुचवलं होतं. "तेवढा राहू दे," मामी म्हणाल्या होत्या. म्हातारीच्या तुळशीपुढे कोण हट्ट करणार?

तिने आदेश वाचून दाखवला. घर पाडता येणार नाही. अंगणातही कुठे खणता येणार नाही. ही दुसरी अट मामींनीच आग्रहाने घालून घेतली होती.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. कुणालाच नाही."

मामींनी मोठा श्वास सोडला. "फार उपकार केलेस, कण्णा."

आत जाऊन त्यांनी भात आणला, त्याचे गोळे पानावर ठेवले आणि पान कट्ट्यावर सरकवून कावळ्यांना हाका मारू लागल्या.

"मामांचं श्राद्ध का?" अर्चनाने विचारलं.

"त्यांचें कधीच होऊन गेलें."

"मग आज?"

एक कावळा कौलांवरून उतरला आणि घास घेऊन गेला. मामींनी कट्ट्याला हात जोडले.

"सुधींद्राचें. वर्ष झालें आज. त्याला ना बायको, ना मूल. मी नाही केलें तर कोण करणार?"