खोट्या चित्रांचा डाव

"हे चित्र खोटं आहे," ओटमार म्हणाला आणि लिलावासाठी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं.

त्याच्या मागे उभ्या असलेल्या फोल्कमारला चित्राच्या पाठीवरचा 'नकली' हा शब्द दिसला होता. खेळ त्याने बनवला होता. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चित्रं वाटायची. खरं की नकली, ते पाठीवर लिहिलेलं, आणि पाठ फक्त मालकाने बघायची. मग वाट्टेल त्या थापा मारून चित्र खपवायचं. शेवटी सगळी चित्रं उलटली की खऱ्यांना किंमत, नकली कचऱ्यात. दिवसभर दातांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी हा खेळ, अशी त्याची कैक वर्षं गेली होती. आणि हा म्हातारा पहिल्याच फेरीत खरं सांगून मोकळा!

बोलायची सोय नव्हती. नवा खेळ पारखला जात असताना तो बनवणाऱ्याने तोंडाला कुलूप लावायचं, हा एसेन शहरातल्या खेळांच्या मेळ्यातला रिवाज. शिवाय खेळायला बसल्या होत्या प्रकाशिका ड्रेसलरबाई. खेळ पसंत पडला तरच त्या छापणार होत्या. नाही पडला, तर कॉफी एका घोटात संपवून त्या उठतात, हे सगळ्या मेळ्याला ठाऊक होतं. त्यांनी कप उचलला.

"वा, ओटमार!" शेजारचा दाढीवाला डेटलेफ खदखदून हसला. "आयुष्य टपालखात्यात काढलंत आणि इतके लबाड? खरं दडवायला खोटं म्हणताय होय! माझे पाच."

"आठ," ड्रेसलरबाई म्हणाल्या. कप खाली गेला.

"अहो, खोटंच आहे ते," ओटमार कळवळून म्हणाला. "मागून मला बोल लावू नका."

"दहा!"

ओटमारची बायको इर्मट्राउट तेवढी बोली लावत नव्हती. ती आलुबुखाऱ्याचा केक खात गालातल्या गालात हसत होती.

पुढचं चित्रही ओटमारने खोटं म्हणून सांगितलं, त्याच्या पुढचंही. तो जितका काकुळतीला येई, तितका भाव चढे. शेवटचं चित्र ठेवताना त्याचा चेहरा उजळला.

"हे मात्र अस्सल आहे."

"आता आलात वळणावर!" डेटलेफ म्हणाला. "तुमचं अस्सल तुमच्यापाशीच ठेवा, बाबा." ड्रेसलरबाईंनीही मान हलवली.

"एक," इर्मट्राउट म्हणाली, आणि एका नाण्यात चित्र घेऊन गेली.

चित्रं उलटली. ओटमारचा शब्दन्‌शब्द खरा निघाला. डेटलेफच्या पुढ्यात नकली चित्रांची रास, आणि डाव इर्मट्राउटचा.

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगायचं तरी!" ड्रेसलरबाई म्हणाल्या.

"तोच सांगत होता की मघापासून! अहो, याला थाप मारता आली असती, तर लग्नाच्या दिवशी माझ्या आईच्या सूपची तारीफ नसती का केली?"

फोल्कमार थक्क होऊन ओटमारकडे बघत राहिला. खऱ्याची दुनिया नाही म्हणतात. या माणसाने निव्वळ खरं बोलून सबंध टेबल फिरवलं होतं, आणि खेळातली ही खोली खुद्द खेळ बनवणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. त्याचा हात हातात घेऊन दाबावा, असं फोल्कमारला फार वाटलं.

"पण आता गुपित फुटलं," डेटलेफने दाढी खाजवली. "यांचं ऐकायचं, की झालं. खेळात राहिलं काय?"

फोल्कमारने ड्रेसलरबाईंच्या कपाकडे पाहिलं. ड्रेसलरबाईंनी तो बाजूला सारला.

"पुन्हा मांडा," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

एकच खेळ दोनदा खेळताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. चित्रं वाटली गेली. या वेळी फोल्कमार मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. पाठीवरचं त्यालाही बघायचं नव्हतं.

ओटमारने आपलं चित्र उलटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे... खरं आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

कुणीच बोली लावेना. ड्रेसलरबाई पुढे झुकल्या होत्या. त्यांच्या कॉफीवर केव्हाच साय धरली होती. नाण्याकडे गेलेला इर्मट्राउटचा हात अर्ध्यावर थबकला.

"ओटमार," ती म्हणाली, "माझ्याकडे बघून सांग."