बंद केलेला भाग

हेरंबच्या डोक्यातल्या स्मृतिचिपची तार मृदुलाने डेस्कटॉपला जोडली, तेव्हा काळ्या स्क्रीनवर तोच एरर पुन्हा उमटला. चिपचा एक भाग खराब झाला होता. गेल्या वर्षी समुद्रात बुडालेल्या त्या दोघांच्या मुलाच्या, निषादच्या, सगळ्या आठवणी त्याच भागात होत्या. हेरंबला निषाद आठवला की चिप अडकायची आणि त्याला झटका यायचा.

"दुरुस्त नाहीच का होणार?" मृदुलाने फोनवर तंत्रज्ञाला विचारलं.

"नाही, ताई. तेवढा भाग कायमचा बंद करूनच सिस्टिम चालू करावी लागेल. पुढचा झटका त्यांना झेपायचा नाही."

तिने तो भाग बंद करायची कमांड टाइप केली. एरर यायचे थांबले. हेरंबने शांतपणे डोळे उघडले.

"रडतेस का गं? काय झालं?"

"ओळखीतला एक मुलगा गेला," ती कशीबशी म्हणाली. "बुडाला."

"अरेरे!" हेरंबने तिचा हात हातात घेतला. "त्याच्या आईला भेटून ये. किती एकटी पडली असेल बिचारी."