रंगवलेलं दार

मुकद्दसला डोळ्यांनी दिसत नसलं, तरी तिचा संगणक पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा आणि ती कीबोर्डवर भराभर कामं उरकायची. फक्त ताश्कंदच्या तिच्या नेहमीच्या दवाखान्याच्या साइटवर मेनूपाशी गाडी अडायची. कितीही वेळा एंटर दाबा, काही उघडायचंच नाही. डॉक्टरची वेळ घ्यायला दर वेळी शेजारणीला बोलवा आणि आपलं बायकी दुखणं तिला ऐकवा! वैतागून ती तिसऱ्यांदा साइट सांभाळणाऱ्या बोतिरअकांसमोर जाऊन बसली. तिथल्या रीतीने ती त्यांना अका, म्हणजे दादा म्हणायची आणि ते तिला ओपा, म्हणजे ताई.

“अका, तुमच्या पोरांनी मेनूत लिंक टाकल्याच नाहीत, नुसते ‘डिव्ह’ नावाचे पोकळ चौकोन रंगवलेत. माउसवाल्यांनाच उघडतात ते. भिंतीवर दार रंगवलं, तर त्यातून मी आत कशी येऊ? अर्ध्या तासाचं काम आहे हो!”

“ओपा, आधी चहा घ्या बघू.”

पियाला उचलताच चहा तिच्या बोटांवर सांडला. मागच्या दोन्ही खेपांना तो रीतीप्रमाणे अर्धाच भरलेला होता. आज काठोकाठ. म्हणजे प्या आणि निघा.

“राग मानू नका, ओपा, पण साइट सुरू होऊन वर्ष झालं. न दिसणाऱ्या माणसाची एक म्हणून तक्रार आलेली नाही. तुमचंच काय ते जगावेगळं!”

मुकद्दसने पियाला तसाच खाली ठेवला. “साइटवर तक्रार करायची कुठे असते, अका?”

 

“कुठे म्हणजे? मेनूतच की. सगळ्यात शेवटी.”