बिनइस्त्रीची परेड

"इस्त्री बंद? मॅडम, ही पलटण आहे, धर्मशाळा नाही!" सुभेदारसाहेब माझ्यावर गरजले.

"तुमच्या तळावरचे डास तपासलेत मी. मलेरियाचे जंतू निघालेत त्यांच्यात. गणवेशाला लावलेलं डासांचं औषध तुमच्या खळ-इस्त्रीनं पार उडालंय. पटत नाही? घाला हात!" मी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निरोगी डासांचा पिंजरा पुढे केला.

त्यांनी कडक बाहीसकट हात घातला. बाही डासांनी काळी झाली. मग मी औषध लावलेल्या, बिनइस्त्रीच्या चुरगळलेल्या बाहीचा हात घातला. एकही बसला नाही.

महिन्याभराने परेडला चुरगळलेले गणवेश पाहून कर्नल भडकले. "सुभेदारसाहेब, हा काय अवतार?"

त्यांनी खाडकन सलाम ठोकला. "गणवेशांना पुन्हा डासांचं औषध लावून इस्त्री मी बंद केली, सर. गेल्या परेडला अकरा जण तापानं आडवे होते. आज सगळे उभे आहेत."