मेलिस येण्याआधी

"आणखी मुलं हवीत?" डॉक्टर झामिरांनी विचारलं.

"नकोत. तीन आहेत, पुरे झाली."

"नीट विचार करून सांग. मी पोटाचे स्नायू शिवून घट्ट करायचे आणि पुन्हा दिवस राहिले, की सगळं पाण्यात."

बुरुल तपासणीच्या पलंगावर बसली होती. जुळ्यांनी ताणलेली पोटाची कातडी सैल होऊन मांडीवर आली होती. डॉक्टर ती चिमटीत धरून बघत होत्या आणि बुरुल भिंतीकडे बघत होती.

"बारीक व्हायला आली असशील तर परत जा, त्यासाठी हे नसतं. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहील, जन्मभर. सुरुवातीला म्हातारीसारखी वाकून चालशील. काम काय करतेस?"

"नान भाजते, ताई. ओशच्या बाजारात विकते."

"म्हणजे पिठाची पोती उचलणं आणि तंदूरमध्ये वाकणं. दीड-दोन महिने दोन्ही बंद. घरात बघायला कोण?"

"नणंद."

"तंबाखू? पायात कधी रक्ताची गाठ?"

"नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "आता खरं सांग. हे कुणासाठी करतेस?"

"माझ्यासाठी," बुरुल म्हणाली. जरा जास्तच चटकन म्हणाली.

"घरी जा. महिनाभर विचार कर. तेव्हाही हेच उत्तर असलं तर ये. नवऱ्याचं मन वळवायला माझी सुरी कामाची नाही, पोरी."

तिचा नवरा मेलिस रशियात बांधकामावर होता. जुळी पोटात असताना गेला तो गेलाच. पण फोन रोज सकाळी यायचा. जुळ्यांचे पहिले दात त्यानं फोनच्या पडद्यावर बघितले, पहिली पावलंही तशीच. मग गेल्या शरदात एकाएकी नुसता आवाज यायला लागला.

"फोन पडला. कॅमेरा गेला," तो म्हणाला.

"मग नवा घ्या."

"घेतो."

घेतला नाही. तिनं लिहून पाठवलेल्या निरोपांना उत्तरं येईनात. विचारलं तर म्हणे, "बोलून पाठवत जा. हाताला सिमेंट असतं, कुठं वाचत बसू?"

नणंद सोनुन पीठ मळता मळता हे सगळं ऐकायची. "माझाच भाऊ आहे, तरी सांगते," ती एक दिवस म्हणाली. "पुरुष घरी तोंड लपवायला लागला, की समजावं, दुसरीकडे दाखवतोय."

"काहीतरीच बोलू नका."

"नाही बोलत. पण आरशात बघ जरा. जुळ्यांच्या आधी तू कशी होतीस आणि आता कशी आहेस."

त्या दिवशी बुरुलला नान तंदूरला नीट चिकटवता येईनात. दोन निखाऱ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर धीर केला. "तुम्ही मला बघायचंसुद्धा सोडलंत."

मेलिस म्हणाला, "बघतो की. माझ्या डोळ्यांपुढे तू तशीच आहेस, बुरुल. पोरं व्हायच्या आधीची. तशीच राहशील."

तो हे फार मायेनं म्हणाला. तिनं मात्र सदरा पोटावरून खाली ओढला.

"ऐक," तो पुढे म्हणाला. "नूरूझच्या सणाला येतोय. कायमचा. एक गोष्ट सांगायची आहे, पण फोनवर नको."

"काय झालंय?"

"आल्यावर."

महिना संपताच बुरुल डॉक्टर झामिरांसमोर उभी राहिली. उत्तर तेच दिलं. या वेळी सावकाश, घोटून पाठ केल्यासारखं. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या.

भूल चढायच्या आधी तिला जुळी आठवली, आणि वाटलं, मी उठलेच नाही तर? मग काही वाटलं नाही.

जाग आली तेव्हा पोटावर कुणी जातं ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी नळ्या निघाल्या होत्या. घरी आल्यावर ती भिंत धरून चालायची. जुळी उचलून घे म्हणून रडायची, आणि तिला उचलता यायचं नाही. मोठी मुलगी आइपेरी त्यांना ओढत बाहेर न्यायची. सोनुनचे हात तंदूरच्या धगीनं सोलवटले. "हिला नवऱ्याला पोट दाखवायचंय आणि भाजतेय मी," ती अंगणभर ऐकवायची. पण संध्याकाळी सूप तीच भरवायची.

मग टाके लाल झाले आणि ताप चढला. डॉक्टरांनी जखमेतला पू काढला, नवी औषधं दिली. "अंगावर काढलं असतंस, तर पोरं पोरकी झाली असती," त्या म्हणाल्या. फोनवर मात्र बुरुलनं सांगितलं, "सर्दी झालीय." मेलिसचा विश्वास बसला असावा.

नूरूझच्या आदल्या दिवशी विमानतळावर खूप गर्दी होती. बुरुल सगळ्यांच्या पुढे, कठड्यापाशी उभी होती. पोट सपाट दिसत होतं. ताठ राहिलं की व्रण ओढला जायचा, तरी ती ताठच राहिली. त्यानं दारातूनच बघावं, म्हणून.

मेलिस बाहेर आला. वाळला होता. गावातल्याच एका कामगाराच्या खांद्यावर त्यानं दोस्तीनं हात टाकला होता आणि तो हसत होता. दोघं सरळ तिच्याकडेच आले आणि हातभर अंतरावर थांबले. मेलिसची नजर तिच्या तोंडावर होती. त्यानं आता काहीतरी म्हणावं, काहीही, म्हणून ती वाट बघत राहिली.

"दिसतेय का रे कुठं ती?" त्यानं सोबत्याला विचारलं.

सोबत्यानं मेलिसचा हात आपल्या खांद्यावरून उचलला आणि बुरुलच्या गालावर नेऊन ठेवला.